क्लब कुणाच्या पैशावर खेळतो? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

गेल्या अंकात हैदराबाद एफसीवर एक छोटं टिपण छापलं होतं. मार्च २०२२ मध्ये आपल्या फातोर्ड्याच्या स्टेडियमवर आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची, फायनल जिंकलेली टीम, पुढच्या दोन वर्षांत खेळाडूंचे पगार थकले, परदेशी प्लेअर निघून गेले, आणि २०२५ ला क्लबच उचलून दिल्लीला नेला, नाव पण बदललं, आता स्पोर्टिंग क्लब दिल्ली. एवढंच होतं त्यात. पण त्यावर पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज इतके आले की या वेळचं सगळं सदर त्याच विषयाला देऊन टाकलंय. निम्म्याहून जास्त लोकांनी "अंथरूण पाहून पाय पसरावेत" लिहिलंय, ते आम्ही कापलं, कारण ती म्हण बुडालेल्या क्लबांच्या चेअरमनना पण पाठ असणार. काही जणांनी नाव नको सांगितलं म्हणून मग सगळ्यांचीच नावं काढली, फक्त गाव ठेवलंय.

प्रश्न: भाई, मी शाळेत असताना लीड्स युनायटेडचा फॅन झालो. व्हिडुका, क्युएल, फर्डिनंड, ॲलन स्मिथ, काय टीम होती ती! मग अचानक एकेक जण विकला आणि क्लब खाली गेला. तेव्हा केबलवर मॅच बघायचो, मागची भानगड काय कळली नाही. नेमकं झालं काय? (म्हापसा)

उत्तर: लीड्स हे या विषयातलं पहिलं पाठ्यपुस्तक समजा. २०००-०१ ला ते चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या सगळ्यात मोठ्या क्लब स्पर्धेच्या, सेमीफायनलपर्यंत गेले, व्हॅलेन्सियाकडून हरले. चेअरमन होते पीटर रिड्सडेल. त्यांचा हिशेब असा की दरवर्षी चॅम्पियन्स लीग खेळणारच, म्हणजे टीव्हीचे पैसे दरवर्षी येणारच, मग आज उचल घेतली तर बिघडलं कुठं. रिओ फर्डिनंडला १.८ कोटी पौंडांना आणला, तेव्हाचा ब्रिटिश रेकॉर्ड होता तो, मागनं रॉबी कीन, रॉबी फाउलर. आणि पुढच्या २५ वर्षांच्या तिकीटविक्रीच्या तारणावर ६ कोटी पौंड कर्ज काढलं. आपल्याकडं कुणी बागायतीतले पुढच्या २५ वर्षांचे काजू आजच विकून घरासमोर गाडी उभी केली तर सगळा वाडा येऊन शिव्या घालेल, तिथं मात्र त्याला व्हिजन म्हणत होते.

आता गंमत बघा. ज्या सीझनला ते सेमीफायनल खेळले त्याच सीझनला प्रीमियर लीगमध्ये चौथे आले, लिव्हरपूलपेक्षा फक्त एक पॉइंट कमी, आणि त्या वर्षी इंग्लंडचे पहिले तीनच चॅम्पियन्स लीगला जाणार होते. एक पॉइंट! त्याच्या पुढच्या वर्षी पाचवे. म्हणजे पगार चॅम्पियन्स लीगचे आणि उत्पन्न त्याच्या खालचं, असं दोन वर्षं चाललं की मग विकायला सुरुवात होते. फर्डिनंड २००२ मध्ये मँचेस्टर युनायटेडला गेला, म्हणजे लीड्सवाल्यांना जे नाव ऐकून पण चालत नाही तिथं. २००४ ला क्लब खालच्या डिव्हिजनला उतरला, त्याच वर्षी एलंड रोड स्टेडियम आणि ट्रेनिंग ग्राउंड पण विकलं. २००७ ला देणी भागेनात म्हणून क्लब चालवायला बाहेरचा प्रशासक नेमावा लागला, तिसऱ्या डिव्हिजनमध्ये गेले आणि दंड म्हणून तिथला सीझन उणे १५ पॉइंटवरून सुरू केला. स्टेडियम परत स्वतःचं झालं २०१७ ला आणि प्रीमियर लीगमध्ये परत आले २०२० ला.

रिड्सडेल यांच्या ऑफिसात भाड्याचे गोल्डफिश होते ही गोष्ट अजून सगळे हसत सांगतात. मला ती फार आवडत नाही. त्या माशांचा खर्च एका राखीव गोलकीपरच्या एका दिवसाच्या पगारातनं निघाला असता, पण मासे लक्षात राहतात आणि पगाराचा तक्ता कुणी वाचत नाही.

प्रश्न: बार्सावर एवढं कर्ज होतं की मेस्सीला ठेवता आलं नाही, तो रडत गेला. मग दुसऱ्याच वर्षी लेवांडोव्स्की, राफिन्या, कुंडे कुठल्या पैशानं घेतले? आम्ही बार्सावाले आहोत पण हे आमच्या डोक्यावरनं गेलं. (फोंडा)

उत्तर: तुमच्या एकट्याच्या नाही, पुष्कळांच्या डोक्यावरनं गेलं. ऑगस्ट २०२१ मध्ये अध्यक्ष लापोर्ता यांनी स्वतः पत्रकार परिषदेत आकडा सांगितला, १३५ कोटी युरो देणं आणि पगार उत्पन्नाच्या १०३ टक्के. म्हणजे शंभर रुपये आले तर एकशे तीन नुसते पगारात, लाइट बिल पण अजून भरायचंय. सुरुवात झाली नेमारपासून. २०१७ ला तो २२.२ कोटी युरोंना पॅरिसला गेला, पैसा हातात आला, आणि बार्साच्या हातात पैसा आहे हे सगळ्या युरोपला कळलं, मग डेम्बेले, कुटिन्यो, नंतर ग्रीझमन, प्रत्येकाला विकणाऱ्यानं तोंडाला येईल तो भाव लावला. मग कोविड आला, त्यांचं कॅम्प नोउ स्टेडियम रिकामं. स्पॅनिश लीगचा नियम असा की प्रत्येक क्लबला पगाराची मर्यादा ठरवून देतात आणि त्यात बसला नाही तर प्लेअरचं रजिस्ट्रेशनच होत नाही. मेस्सीचं कॉन्ट्रॅक्ट जून २०२१ ला संपलं होतं, म्हणजे नवीन रजिस्ट्रेशन करायचं होतं, आणि तो अर्ध्या पगारावर यायला तयार असला तरी मर्यादेत बसेना.

दुसऱ्या वर्षीचं उत्तर सोपं आहे, घरातलं विकलं. २०२२ च्या उन्हाळ्यात लीगच्या टीव्ही हक्कांतला २५ टक्के हिस्सा २५ वर्षांसाठी सिक्स्थ स्ट्रीट नावाच्या अमेरिकन कंपनीला दिला, आधी १० टक्के मग १५. तिकडं त्याला "पालांका" म्हणतात, म्हणजे तरफ. परत २५ वर्षंच बघा, लीड्ससारखी. फरक एवढाच की बार्साचा जर्सी-तिकिटांचा धंदा एवढा मोठा आहे की ते असे दोन-तीन धक्के पचवू शकतात. म्हणून त्यांचं बघून बाकीच्यांनी करू नये.

प्रश्न: माझे वडील मायनिंगमध्ये होते, त्यांच्याबरोबर धेंपो–साळगावकर मॅच बघायला जायचो. आता त्या टीम कुठं दिसत नाहीत. त्या पण अशाच कर्जात बुडाल्या का? की मायनिंग बंद पडलं म्हणून? (डिचोली)

उत्तर: हा प्रश्न सगळ्यात जास्त लोकांनी विचारलाय, आणि दोन्हीचं उत्तर नाही असं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी रेकॉर्ड. धेंपोनं कोच अर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली पाच वेळा देशाची लीग जिंकली, २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१०, २०११-१२. साळगावकर दोनदा, १९९८-९९ आणि २०१०-११. चर्चिल ब्रदर्स दोनदा, २००८-०९ आणि २०१२-१३. म्हणजे २००७ ते २०१३ या सहा सीझनमधे आय-लीगची, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या वरच्या लीगची, ट्रॉफी एकदाही गोव्याबाहेर गेली नाही. कोलकात्याच्या लोकांना हे आठवण करून दिलं की ते विषय बदलतात.

या क्लबांना पैसा कुठून यायचा? तिकिटातनं चहापाण्याचा खर्च निघाला तरी खूप. टीव्हीचे पैसे म्हणावे असे नव्हतेच. पैसा यायचा मालकाच्या कंपनीतनं. पुष्कळ जुने प्लेअर तर कंपनीच्या पगारावर असायचे. क्लब म्हणजे कंपनीच्या हिशेबातली खर्चाची एक ओळ. मालकाला फुटबॉलचं वेड होतं, गावात मान मिळायचा, जाहिरात व्हायची, आणि खनिजाच्या धंद्यापुढं तो खर्च तसा किरकोळच. म्हणून कर्ज झालंच नाही. बँकेकडं जायचा प्रश्नच आला नाही, खिसा घरचाच होता.

मग २०१६. एआयएफएफनं, म्हणजे देशाच्या फुटबॉल फेडरेशननं, आराखडा मांडला की आयएसएल वरची लीग होणार आणि आय-लीग तिच्या खाली जाणार, वर चढायची वाट काही दिसेना. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीग सोडली, धेंपो तर सेकंड डिव्हिजन जिंकून परत वर आला होता, त्यानं पण नको म्हणून सांगितलं. मालकांनी विचार केला असणार, आपण एवढं ओतायचं ते दुसऱ्या दर्जाच्या स्पर्धेत खेळायला? मला त्यांचा राग येत नाही. वाईट वाटतं ते वेगळं.

मायनिंगचं म्हणाल तर २०१२ ला बंदी आली, परत सुरू होऊन सुप्रीम कोर्टाच्या निकालानं मार्च २०१८ ला पुन्हा थांबलं, त्याचा गोव्यातल्या सगळ्याच धंद्यांवर परिणाम झाला, फुटबॉल त्यातनं सुटलं असेल असं मी म्हणत नाही. पण धेंपोंनी आपला खाणधंदा २००९ मध्येच सेझा गोवाला विकला होता, आणि त्यानंतर पण क्लब दोनदा चॅम्पियन झाला. तेव्हा खाण बंद म्हणून क्लब बंद, एवढं सरळ गणित नाही ते. खिसा होता, इच्छा संपली. बाहेर पण हेच झालंय. पहिली नॅशनल लीग जिंकलेली पंजाबची जेसीटी २०११ ला बंद झाली, मुंबईची महिंद्रा युनायटेड त्याच्या आधी २०१० ला. एक पत्रक काढलं आणि संपलं.

आता माझं मत सांगतो, पटलं नाही तर लिहा. कर्जात बुडालेला क्लब मेला तरी त्याच्याभोवती माणसं बसलेली असतात, बँक, प्लेअर, टॅक्सवाले, सगळ्यांना आपले पैसे हवे असतात म्हणून तो क्लब चालू राहावा असं त्यांना वाटतं. मालकाच्या खिशावरचा क्लब बंद झाला तर देणं कुणाचंच नाही, म्हणून भांडायला पण कुणी येत नाही. दुसऱ्या बाजूनं बघितलं तर देणं नसल्यामुळंच परतीची वाट उघडी राहते. धेंपो गोवा प्रो लीग खेळत राहिला, पोरं तयार करत राहिला, आणि आय-लीग टू मधनं वर चढून २०२४-२५ ला परत आय-लीगमध्ये आला. तेव्हा "कुठं दिसत नाहीत" असं म्हणू नका, धुळेरला किंवा नागवाच्या ग्राउंडवर गेलात तर दिसतील.

प्रश्न: माझा मुलगा गोव्याबाहेर एका क्लबकडून खेळतो, नाव छापू नका. तीन महिने पगार नाही. मॅनेजर सांगतो सीझन संपू दे, सगळं एकदम मिळेल. सोडून आला तर कॉन्ट्रॅक्ट मोडलं म्हणून त्याच्यावरच यायचं का? (वास्को)

उत्तर: सीझन संपल्यावर मिळेल हे वाक्य ज्या क्लबात ऐकू येतं तिथं सीझन संपल्यावर फोन लागत नाही, हा अनुभव बऱ्याच पोरांचा आहे. तेव्हा आत्ताच हालचाल करा. फिफाच्या नियमात एक कलम आहे, १४ बिस. दोन महिन्यांचे पगार थकले की प्लेअरनं क्लबला लेखी कळवायचं, कमीत कमी १५ दिवसांची मुदत द्यायची, त्यात दिले नाहीत तर योग्य कारणानं कॉन्ट्रॅक्ट संपवता येतं. महत्त्वाचं काय तर लेखी. तोंडी मागितलेलं, ग्रुपवर चिडून लिहिलेलं, कोचला सांगितलेलं, हे काही मोजत नाहीत. ईमेल करा, त्यात कुठल्या महिन्याचा किती पगार बाकी ते लिहा, बँक स्टेटमेंट जोडा.

आपल्या देशातला प्लेअर आणि आपल्या देशातला क्लब असेल तर प्रकरण एआयएफएफच्या प्लेअर्स स्टेटस कमिटीपुढं जातं. मुलाच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये काय कलम आहे ते आधी वकिलाला दाखवा, नोटीस द्यायच्या आधी, दिल्यावर नाही. प्लेअर्सची संघटना पण आहे, एफपीएआय, बायचुंग भुतिया वगैरेंनी २००६ मध्ये सुरू केलेली, त्यांच्याशी बोला. आणि मुलाला सांगा की ट्रेनिंग चुकवायचं नाही, एक दिवस पण नाही, नाहीतर क्लब म्हणणार हाच येत नव्हता. हातात कॉन्ट्रॅक्टची सही केलेली कॉपी आहे ना? बऱ्याच पोरांकडं नसते, क्लबकडंच राहते. नसेल तर आजच मागून घ्या.

प्रश्न: मँचेस्टर युनायटेडवर पण कर्ज, टॉटेनहॅमवर पण कर्ज. मग ते कसे बुडत नाहीत? (मडगाव)

उत्तर: कर्ज कशासाठी काढलं ते बघा. टॉटेनहॅमनं स्टेडियम बांधलं, २०१९ ला उघडलं, जुन्यात ३६ हजार माणसं बसायची आता ६२ हजारांच्या वर, शिवाय अमेरिकन फुटबॉल आणि कॉन्सर्टचं भाडं. कर्ज लांब मुदतीचं आणि ते फेडायला वस्तू समोर उभी आहे. युनायटेडचं उलट. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबानं क्लब विकत घेतला तेव्हा घ्यायला काढलेल्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच डोक्यावर टाकला, म्हणजे क्लबनं स्वतःलाच विकत घ्यायला पैसे दिले आणि व्याज अजून भरतोय. ना एक खुर्ची वाढली ना एक प्लेअर आला. बुडत नाहीत कारण उत्पन्न अवाढव्य आहे. पण स्टेडियमच्या छपरातनं पाणी गळतं.

प्रश्न: क्लबचं दिवाळं निघालं तर पैसे कुणाला मिळतात? (काणकोण)

उत्तर: ज्याचे जास्त आहेत त्याला पूर्ण, ज्याचे थोडे आहेत त्याला थोडेसे. थट्टा नाही. इंग्लंडमधे "फुटबॉल क्रेडिटर" म्हणून नियम आहे, प्लेअर आणि दुसरे क्लब यांचं देणं पूर्ण फेडल्याशिवाय लीगमध्ये राहता येत नाही. मग उरलेल्यातनं बाकीचे. पोर्ट्समथचं उदाहरण घ्या. २००८ ला कानूच्या गोलवर एफए कप जिंकला, झेपणार नाहीत असे पगार देऊन जमवलेली टीम होती, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये प्रशासकाच्या हाती गेला, प्रीमियर लीगमध्ये असताना असं होणारा तो पहिला क्लब, ९ पॉइंट कापले आणि खाली गेले. देणेकऱ्यांची यादी बाहेर आली तेव्हा त्यात सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचं नाव होतं. म्हणजे मॅचला मैदानाच्या कडेला स्ट्रेचर घेऊन उभी राहणारी माणसं, त्यांचं पण बिल दिलं नव्हतं. फुटबॉलबाहेरच्या बहुतेक देणेकऱ्यांना पौंडामागं २० पेन्स देऊ, ते पण हप्त्यांनी, असा प्रस्ताव ठेवला. प्लेअरना मात्र पूर्ण.

दोन वर्षांनी परत तेच झालं, आणि शेवटी एप्रिल २०१३ ला फॅन्सच्या ट्रस्टनं क्लब घेतला, त्याच सीझनला ते पार चौथ्या डिव्हिजनला उतरले. फॅन्सनी देणी फेडली, २०१७ ला पुढं विकला, २०२४ ला तिसरी डिव्हिजन जिंकली. आपल्याकडं एखादा क्लब बुडाला तर मैदानावर रेषा मारणारा, जर्सी धुणारा, बसवाला, यांचे गेले असंच धरून चाला. म्हणून हे वाचणारा कुणी बसवाला असेल तर सांगतो, क्लबकडनं दर मॅचला पैसे घ्या, सीझनचा हिशेब ठेवू नका.

प्रश्न: सरकारनंच क्लबना पैसे का देऊ नयेत? फुटबॉल आपला राज्य खेळ आहे ना? (साखळी)

उत्तर: मैदानाला द्यावेत, पोरांच्या कोचला द्यावेत. सीनियर टीमच्या पगाराला एक रुपया नको.

प्रश्न: सगळं बुडाल्याचंच सांगताय, कर्जातनं नीट वर आलेला एक तरी क्लब सांगा. (कुडचडे)

उत्तर: बोरुसिया डॉर्टमुंड. १९९७ चे युरोपचे चॅम्पियन, २००० ला शेअर बाजारात उतरले, मिळालेला पैसा प्लेअरवर उडवला, स्टेडियमवरची मालकी गेली, आणि एकदा तर बायर्न म्युनिककडून २० लाख युरो उसने घ्यावे लागले. आपल्याच एका मोठ्या वैऱ्याकडून, विचार करा, चर्चिलनं धेंपोकडं हात पसरल्यासारखं. मार्च २००५ ला डसेलडॉर्फ विमानतळावर गुंतवणूकदारांची बैठक झाली, त्यांनी नाही म्हटलं असतं तर त्याच दिवशी दिवाळं होतं. त्यांनी हो म्हटलं. त्यानंतर महागडे प्लेअर बंद. २००८ ला क्लॉप कोच म्हणून आला, पोरं खेळवायला लागला, कागावा साडेतीन लाख युरोंना आणला, लेवांडोव्स्की पोलंडमधनं स्वस्तात. २०११ आणि २०१२ ला चॅम्पियन. स्टेडियम त्याच्या आधीच परत घेतलं होतं. लोक क्लॉपचं नाव घेतात ते बरोबरच आहे, पण मधली तीन-चार वर्षं टीम सातव्या, नवव्या, एकदा तर तेराव्या नंबरवर असताना पण ८० हजारांच्या स्टेडियममधे येत राहिलेली माणसं, ती नसती तर क्लॉप यायला क्लबच उरला नसता.

प्रश्न: आमचा वाड्यावरचा क्लब आहे. गेल्या सीझनला इंटर-व्हिलेज टुर्नामेंटसाठी चार बाहेरचे प्लेअर आणले. एका मॅचला एकाला ३ हजार, शिवाय रूम आणि जेवण धरून २० हजार. कमिटीतल्या दोघांनी पतसंस्थेतनं स्वतःच्या नावावर ८० हजार काढून घातले. पहिलं बक्षीस १ लाख होतं, आम्ही सेमीला हरलो, १० हजार मिळाले. आता ते दोघे मीटिंगला येत नाहीत, बाकीचे म्हणतात तुम्हाला काढायला कुणी सांगितलं होतं. काय करावं? (पेडणे)

उत्तर: आकडे लिहिलेत ते फार बरं केलंत. जरा मांडून बघूया. चार प्लेअर गुणिले तीन हजार म्हणजे एका मॅचचे १२ हजार. सेमी धरून पाच मॅच झाल्या असणार, ६० हजार, वर रूम-जेवण २०, झाले ८०. बरोबर जुळतं. आता समजा तुम्ही सेमी जिंकलात आणि फायनल पण जिंकलात. सहा मॅचचे ७२, अधिक २०, झाले ९२ हजार. बक्षीस एक लाख. म्हणजे सगळं सगळं तुमच्या मनासारखं झालं असतं, एक पण मॅच हरला नसता, तरी क्लबच्या हातात ८ हजार रुपये. आठ हजारांसाठी ८० हजारांची जोखीम घेतली! लीड्सवाल्यांना निदान चॅम्पियन्स लीगचे पैसे दिसत होते हो.

आता पुढचं. "कुणी सांगितलं होतं" असं म्हणणाऱ्यांना विचारा, ते चार प्लेअर पहिल्या मॅचला गोल मारत होते तेव्हा टाळ्या कुणी वाजवल्या, फोटो कुणी स्टेटसला ठेवला. सगळ्यांना माहीत होतं. माझ्या मते हे देणं क्लबचंच आहे, पण माझ्या मताला पतसंस्थेत किंमत नाही, तिथं त्या दोघांची सही आहे. म्हणून जनरल बॉडी बोलवा, क्लब सोसायटी म्हणून रजिस्टर असेल तर रीतसर नोटीस काढून, आणि ठराव करा की इतके पैसे या दोघांनी क्लबसाठी घातले, क्लब ते अमुक महिन्यांत फेडणार. मिनिट बुकात लिहा, सह्या घ्या. नुसतं एवढं झालं तरी ते दोघे परत मीटिंगला येतील बघा, अर्धं भांडण पैशाचं नसतंच.

सेमीचे १० हजार आधी त्यांनाच द्या, ते अजून कॅशियरकडं पडून असतील तर. उरले ७०. चाळीस घरं धरली तर घरामागं पावणेदोन हजार, एकदम नाही जमणार, वर्षभरात जमतील. बाहेर नोकरीला असलेल्या, बोटीवर गेलेल्या पोरांना मेसेज टाका, ती लोकं गावच्या क्लबसाठी देतात, फक्त कशाला ते खरं सांगा, नवीन जर्सीसाठी म्हणून मागू नका. आणि पुढच्या सीझनला बाहेरचा प्लेअर आणायचाच असला तर पैसे आधी हातात असतील तेवढेच. चारच्या ऐवजी एक आणा. स्ट्रायकर. गोलकीपर वाड्यावरचाच ठेवा, हरलात तर शिव्या घालायला तरी आपला माणूस असतो.

प्रश्न: एफसी गोवाचं काय? उद्या हे पण हैदराबादसारखं होणार नाही ना? आम्हाला फॅन म्हणून आधी कळायचा काही मार्ग आहे का? (पणजी)

उत्तर: भविष्य सांगत नाही. पण २०२५ मध्ये काय झालं ते आठवा. एआयएफएफचा आयएमजी-रिलायन्सशी २०१० चा करार होता, पुढं आयएसएल चालवणाऱ्या एफएसडीएल कंपनीकडं आलेला, १५ वर्षांचा, फेडरेशनला अलीकडं वर्षाला ५० कोटी, तो डिसेंबर २०२५ ला संपणार होता आणि पुढचं ठरत नव्हतं, म्हणून जुलैमधे लीगच थांबवून ठेवली. ऑगस्टमधे बेंगळुरू एफसीनं सीनियर टीमचे आणि स्टाफचे पगार थांबवले. नंतर लीग चालवायच्या हक्कांसाठी टेंडर काढलं तर नोव्हेंबरपर्यंत एक पण बोली आली नाही. म्हणजे प्रश्न एका क्लबचा नव्हता, सगळ्यांचीच लीग एका करारावर उभी होती. त्याच ऑक्टोबरमधे रोनाल्डोची सौदी टीम अल नस्र एफसी गोवाशी खेळायला फातोर्ड्याला आली, रोनाल्डो आला नाही ते सोडा, आपण १-२ हरलो, तरी ती रात्र झकास होती. पण अशी एक रात्र सीझनचे पगार देत नाही.

कळायचा मार्ग आहे, आणि तो कुणी वापरत नाही. आयएसएलचे बहुतेक क्लब प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या आहेत, त्यांना दरवर्षी हिशेब कॉर्पोरेट अफेअर्स मंत्रालयाच्या साइटवर टाकावे लागतात. शंभर रुपये फी भरली की कुणालाही बघता येतात, तीन तासांसाठी, तेवढ्यात डाउनलोड करून घ्यायचं. सीए कुणी ओळखीचा असेल तर त्याला घेऊन बसा, नसेल तर तीनच ओळी शोधा. एम्प्लॉयी बेनिफिट म्हणून खर्च असतो तो एकूण उत्पन्नाच्या किती टक्के आहे, युरोपात तिथली फुटबॉल संघटना युएफानं प्लेअर आणि कोचचे पगार, ट्रान्सफर आणि एजंटांचा खर्च मिळून ७० टक्क्यांची मर्यादा घातलीय, त्याच्याशी ताडून बघा. दुसरी ओळ, डायरेक्टर किंवा मालकाच्या दुसऱ्या कंपन्यांकडून घेतलेली कर्जं, ती दरवर्षी किती वाढतायत. तिसरी, ट्रेड पेएबल्स, म्हणजे बसवाला, हॉटेलवाला, जर्सीवाला यांचं थकलेलं देणं. ही तिसरी ओळ एका वर्षात दुप्पट झालेली दिसली तर आम्हाला लगेच कळवा, पुढच्या अंकात पहिल्या पानावर छापतो.